क्रोशाचा नमुना म्हणजे कोड? एका लोकप्रिय उपमेची तपासणी

'क्रोशाचा नमुना म्हणजे कोडच की!' हे वाक्य तुम्ही कुठेतरी नक्की ऐकलं असेल. एखाद्या विज्ञान व्याख्यानात, प्रोग्रॅमिंगच्या कार्यशाळेत, नाहीतर रीलवर. वाक्य आकर्षक आहे, आणि बऱ्याच अंशी खरंही आहे. म्हणूनच आज ते तपासायला घेऊ.

कारण असं, की पीएचडीच्या प्रवेशासाठी प्रपोजल लिहिताना आपल्यातले बरेचजण अशाच वाक्यापासून सुरुवात करतात. 'समाज म्हणजे एक नेटवर्क आहे', 'पेशी म्हणजे कारखाना आहे', 'मेंदू म्हणजे कॉम्प्युटर आहे'. मुलाखतीत समोरचे सर किंवा मॅडम शांतपणे विचारतात, "कोणत्या बाबतीत?" आणि गाडी तिथेच अडते. हा प्रश्न उपमेला कसा विचारायचा, हे आपण क्रोशाच्या निमित्ताने बघू. विणकाम येत नसेल तरी चालेल, लागेल तेवढं सांगते.

आधी नमुना वाचायला शिकू

क्रोशा म्हणजे टोकाला आकडा असलेली एकच सुई. दोऱ्याच्या फासातून दुसरा फास ओढायचा, एवढीच मूळ क्रिया. असे फास एकापुढे एक ओढले की साखळी होते. आधीच्या टाक्यात सुई घालून बुटका टाका घेतला की मुका खांब, आणि सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन उंच टाका घेतला की खांब. आता हा नमुना वाचा:

फेरी १: गोल फासात ६ मुके खांब. (६)
फेरी २: प्रत्येक टाक्यात २ मुके खांब. (१२)
फेरी ३: * एका टाक्यात १ मुका खांब, पुढच्या टाक्यात २ * असे ६ वेळा. (१८)
फेरी ४: * दोन टाक्यांत एकेक मुका खांब, पुढच्या टाक्यात २ * असे ६ वेळा. (२४)

ज्याने थोडंसं प्रोग्रॅमिंग केलंय त्याला हे लगेच ओळखीचं वाटेल. दोन चांदण्यांच्या मधला भाग म्हणजे लूप. 'प्रत्येक टाक्यात' म्हणजे यादीतल्या प्रत्येक घटकावर तीच क्रिया. 'दहा इंच लांबी होईपर्यंत विणा' असं कुठे लिहिलेलं असलं, तर ती अट पूर्ण होईपर्यंत चालणारी लूप. आणि मला सगळ्यात आवडतो तो कंसातला आकडा. तो काही विणायला सांगत नाही. फेरी संपल्यावर तुमच्याकडे इतके टाके असायला हवेत, एवढंच तो सांगतो. प्रोग्रॅमर कोडमध्ये मध्येमध्ये तपासणीच्या ओळी घालतात, तेच काम. आकडा जुळला नाही तर थांबा, उसवा, चूक शोधा.

म्हणजे लिहिलेल्या मजकुराच्या पातळीवर उपमा चांगली बसते. पण 'बसते' एवढ्यावर संशोधन होत नाही. उपमेकडून काही नवं कळतं का, हे बघावं लागतं.

सहाच का?

वरच्या नमुन्यात दर फेरीला बरोबर ६ टाके वाढतात. पाच का नाहीत? आठ का नाहीत? विणणारी म्हणेल, "पाच घेतले तर वाटी होते, आठ घेतले तर झालर येते." आता यातलं गणित बघा. दर फेरीला वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढते. त्रिज्या एवढी वाढली की परीघ तिच्या २π पट, म्हणजे साधारण ६.२८ पट वाढतो. मुका खांब जितका उंच तितकाच साधारण रुंद असतो, म्हणून त्या वाढलेल्या परिघात सहा टाके मावतात.

इथून पुढे एक भाकीत करता येतं. टाका दुप्पट उंच घेतला आणि रुंदी तीच ठेवली, तर दर फेरीला साधारण बारा टाके वाढवावे लागतील. आणि खरंच, खांबाच्या सपाट रुमालाचे नमुने बहुतेक १२ खांबांनी सुरू होतात आणि दर फेरीला १२ ने वाढतात. इथे नुसतं साम्य राहिलं नाही. उपमेने असं एक विधान दिलं, जे चुकू शकलं असतं, पण चुकलं नाही.

आता नियम थोडा बदला. दर फेरीला ठरावीक संख्या वाढवण्याऐवजी ठरावीक प्रमाण वाढवा, म्हणजे दर पाच टाक्यांमागे एक टाका जास्त. २० टाक्यांपासून सुरुवात केली, तर दहा ओळींनंतर साधारण १२४ टाके होतात आणि वीस ओळींनंतर साधारण ७६७. कापड सपाट राहूच शकत नाही, त्याला प्रवाळासारख्या दाट झालरी पडतात. डायना टायमिना या लॅटव्हियन गणितज्ञ कॉर्नेल विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी १९९७ मध्ये नेमकं हे केलं, आणि हायपरबोलिक प्रतलाची हातात धरता येईल अशी प्रतिकृती विद्यार्थ्यांपुढे ठेवली. त्याआधी विल्यम थर्स्टन यांच्या कल्पनेवरून कागदाच्या पट्ट्या चिकटवून अशा प्रतिकृती करत, पण त्या नाजूक असत. विणलेल्या कापडावर घडी घालून सरळ रेषा काढता येते. एका बिंदूतून दिलेल्या रेषेला न छेदणाऱ्या अनेक रेषा जातात, हे दोऱ्याने शिवून दाखवता येतं. त्यांच्या २००९ च्या 'क्रोशेटिंग ॲडव्हेंचर्स विथ हायपरबोलिक प्लेन्स' या पुस्तकाला पुढे २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅथेमॅटिकल असोसिएशनचा ऑयलर पुस्तक पुरस्कार मिळाला.

दुसरं उदाहरण तर याहून थेट आहे. ब्रिस्टल विद्यापीठातल्या हिंके ओसिंगा आणि बर्न्ड क्राउस्कोफ यांनी लॉरेन्झ समीकरणांशी निगडित एक वळणावळणाचा पृष्ठभाग काढणारा अल्गोरिदम लिहिला होता. तो अल्गोरिदम मधून सुरुवात करून कड्यामागून कडं वाढवत जातो, आणि गरजेप्रमाणे कड्यात बिंदू घालतो किंवा काढतो. म्हणजे फेऱ्या, वाढ आणि घट! अल्गोरिदमचं उत्तर जवळजवळ जसंच्या तसं क्रोशाच्या सूचनांमध्ये उतरलं. ओसिंगांनी ते स्वतः विणलं, २५,५११ टाके आणि ८५ तास. त्यावरचा शोधनिबंध २००४ मध्ये 'मॅथेमॅटिकल इंटेलिजन्सर'मध्ये छापून आला. हा ८५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इथवर उपमेला चांगले गुण द्यायला हरकत नाही. आता तिच्या उसवलेल्या जागा बघू.

पुरावा शेजाऱ्याचा

या विषयावरच्या लिखाणात एक युक्तिवाद हमखास येतो. जाकार मागाची छिद्रांची कार्डं, त्यावरून चार्ल्स बॅबेजला सुचलेली ॲनॅलिटिकल इंजिनची कार्डं, आणि १८४३ मध्ये एडा लव्हलेसने त्या यंत्रावर लिहिलेल्या टिपा. 'म्हणून विणकाम आणि कॉम्प्युटर हे जुने नातेवाईक.'

इतिहास बरोबर आहे, पण तो मागावरच्या विणाईचा आहे. उभ्या-आडव्या धाग्यांच्या मागावर कार्ड यंत्राला सांगतं की कोणते धागे उचलायचे. क्रोशात ना माग, ना कार्ड. इतकंच काय, क्रोशाचं काम करणारं यंत्र आजही बाजारात नाही, प्रयोगशाळांमध्ये प्रयत्न चालू आहेत एवढंच. कापड उद्योगात ज्याला 'क्रोशे मशीन' म्हणतात, ते प्रत्यक्षात वेगळ्याच पद्धतीने फास गुंफतं. मराठीत आपण माग, दोन सुया आणि क्रोशा या तिन्हींना 'विणणं' म्हणतो, त्यामुळे ही सरमिसळ आपल्या नजरेतून जास्तच सहज सुटते.

तुम्ही शोधनिबंध वाचताना हे नेहमी तपासा. दावा एका वस्तूबद्दल आणि पुरावा तिच्या शेजारणीबद्दल, असं किती वेळा होतं ते बघून आश्चर्य वाटेल.

अर्थ कागदावर नसतो

अमेरिकन नमुन्यात ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात, त्याच टाक्याला ब्रिटिश नमुन्यात 'डबल क्रोशे' म्हणतात. आणि अमेरिकन 'डबल' म्हणजे ब्रिटिश 'ट्रेबल'. शब्द तोच, टाका वेगळा. नमुना कुठला आहे हे न बघता विणलं, तर काहीच अडत नाही, सूचना सगळ्या पाळता येतात, फक्त वस्तू भलतीच उंच किंवा बुटकी होते. (आपले मुका खांब आणि खांब बरे. निदान शब्दावरून टाका तरी कळतो.)

तुम्ही म्हणाल, हे तर कोडमध्येही होतं, आवृत्ती बदलली की अर्थ बदलतो. मान्य. पण पुढचा मुद्दा बघा. तोच नमुना, तोच दोरा, तीच सुई घेऊन दोघीजणी विणायला बसल्या, तर एकीचा रुमाल मोठा होतो आणि दुसरीचा लहान, कारण एकीचा हात सैल आणि दुसरीचा घट्ट. म्हणून स्वेटरच्या नमुन्यात आधी चार इंचाचा तुकडा विणून टाके मोजायला सांगतात. हाताचा ताण हा नमुन्याचा भाग आहे, पण तो लिहून देता येत नाही. प्रत्येक हाताने तो स्वतः मोजून घ्यायचा.

शिवाय हात चुका दुरुस्त करतो. छापील नमुन्यात एक टाका कमी पडला असेल, तर अनुभवी बाई मनातल्या मनात तो भरून पुढे जाते. यंत्र असं करत नाही, स्वल्पविराम चुकला तरी अडून बसतं. याची उलटी बाजू अमेरिकन संशोधिका जानेल शेन यांच्या एका प्रयोगातून दिसली. त्यांनी भाषेच्या एका एआय मॉडेलला क्रोशाच्या टोप्यांचे नमुने शिकवले आणि त्याच्याकडून नवे लिहून घेतले. नमुने दिसायला अगदी नमुन्यासारखे होते, फेऱ्या, चांदण्या, कंस सगळं जागच्या जागी. लोकांनी ते विणले, तेव्हा अनेक टोप्या टोप्या न राहता झालरींचे गोळे होत गेल्या, कारण वाढ थांबवायची कुठे हे मॉडेलला कळलेलंच नव्हतं. म्हणजे वर आपण ज्या घातांकी वाढीचं कौतुक केलं, तीच इथे नकळत झाली.

यातून काय दिसतं? नमुना कळणं म्हणजे फक्त त्याचं व्याकरण कळणं नव्हे. नमुन्याचा बराचसा अर्थ वाचणाऱ्या हातात असतो.

'ट्युरिंग कम्प्लीट' म्हणताना जरा थांबा

कॉम्प्युटर सायन्सचे विद्यार्थी इथे एक जोरदार पत्ता टाकतात. 'रूल ११०' नावाचा एक साधा नियम आहे. पट्टीवरच्या प्रत्येक घराचा पुढचा रंग, ते घर आणि त्याची दोन शेजारची घरं बघून ठरतो. हा नियम कुठलंही गणन करू शकतो, याची मॅथ्यू कुक यांची सिद्धता २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. आता प्रत्येक टाक्याचा रंग खालच्या ओळीतले तीन टाके बघून ठरवत गेलं, तर मफलरवर रूल ११० विणता येतो. म्हणून विणकाम ट्युरिंग कम्प्लीट!

इथेही विचारा, कोणत्या बाबतीत? मफलर ही स्मृती झाली, नियम हा कोड झाला. पण तीन टाके बघून रंग ठरवलाय कुणी? विणणारीने. फरशीवर खडूने चौकोन रंगवत गेलात तरी रूल ११० चालतो, म्हणून फरशी कॉम्प्युटर होत नाही. विधान चूक नाही, पण ते क्रोशाबद्दल फार कमी सांगतं आणि त्या बाईबद्दल बरंच सांगतं.

मग कॉम्प्युटर कोण?

आता मला खरा मुद्दा मांडायचाय. उपमा अर्ध्यावर सोडली जाते, ही माझी तक्रार आहे. नमुना कोड असेल, तर तो चालवणारा कॉम्प्युटर कोण, हा प्रश्न कुणी पुढे विचारत नाही.

'कॉम्प्युटर' हा इंग्रजी शब्द यंत्राआधी माणसांच्या कामाचं नाव होता. १७९० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी यांनी लॉगॅरिदमची अवाढव्य कोष्टकं करून घेतली. थोडे गणितज्ञ सूत्रं निवडायचे, काहीजण त्यांचे टप्पे पाडायचे, आणि सगळ्यात खालचा मोठा गट फक्त बेरजा-वजाबाक्या करायचा, दिलेल्या तक्त्यानुसार, ओळीमागून ओळ. बॅबेजने १८३२ च्या आपल्या पुस्तकात या श्रमविभागणीची दखल घेतली आहे. या अर्थाने पाहिलं, तर क्रोशाची उपमा चपखल बसते. नमुना हा तक्ता, आणि सुई धरलेली बाई म्हणजे जुन्या अर्थाचा कॉम्प्युटर.

आणि हा कॉम्प्युटर फुकट चालत नाही. कोडच्या बाबतीत लिहिणं महाग असतं आणि एकदा लिहिल्यावर हजारदा चालवणं जवळपास फुकट. क्रोशात उलटं आहे. नमुना एका पानात लिहून होतो, पण प्रत्येक प्रत नव्याने, टाक्यामागून टाका विणावी लागते. ओसिंगांचे ८५ तास आठवा. भागाकार केला तर तासाला साधारण ३०० टाके, म्हणजे मिनिटाला पाच. दुसरी प्रत हवी असेल तर पुन्हा तेवढंच काम. कॉपी-पेस्ट नाही.

आता हाच हिशोब आंध्र प्रदेशात, पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूरला नेऊन बघा. तिथे मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस विणायला शिकवली आणि पुढे तिची निर्यात सुरू झाली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथे अभ्यास करून १९८२ मध्ये 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं, की घरोघरी बायका तुकड्यांच्या दराने जागतिक बाजारासाठी लेस विणत होत्या, पण त्यांची गणना कामगारांत होत नव्हती. त्या 'गृहिणी', आणि लेस म्हणजे त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. व्यापारी बहुतेक पुरुष. दोरा देणं, तुकडे गोळा करणं, विकणं हे 'काम', आणि विणणं हा 'विरंगुळा'.

हे पुस्तक शेजारी ठेवून 'क्रोशा म्हणजे कोड' हे वाक्य पुन्हा वाचा. हेतू चांगला असतो, बायकांच्या कामाला मान मिळावा हा. पण मान मिळतो कशाला? नमुन्याला, त्यातल्या तर्काला, म्हणजे जे कोडसारखं दिसतं तेवढ्यालाच. ज्या भागाला कोडमध्ये जोडीदार सापडत नाही, ते मिनिटाला पाच टाके, ताण सांभाळणारी बोटं, चुका भरून काढणारी नजर, ते उपमेच्या बाहेर राहतं. नरसापूरच्या हिशोबातही तेच बाहेर राहिलं होतं. गणित आहे म्हणून विणकामाला प्रतिष्ठा द्यायची असेल, तर ज्या बाईने साधा चौकोनी रुमाल विणलाय तिचं काय? तिचे तास कमी भरतात का?

तुमच्या प्रपोजलसाठी

मग ही उपमा टाकून द्यायची का? अजिबात नाही. ती नसती तर 'सहाच का' हा प्रश्नही आपण विचारला नसता. फक्त ती वापरताना चार गोष्टी स्वतःला विचारा. मी त्या माझ्या टेबलासमोर लावून ठेवल्यात.

एक, साम्य नेमकं कुठल्या पातळीवर आहे? मजकुरात, कृतीत, की ती करणाऱ्यात? क्रोशाच्या बाबतीत ते मजकुरात घट्ट आहे आणि कृतीकडे जाताना सैल होत जातं.

दोन, उपमेतून चुकू शकेल असं विधान निघतं का? 'उंच टाक्याला बारा लागतील' हे असं विधान आहे. 'विणकामात तर्क असतो' हे तसं नाही. ते कशानेच चुकू शकत नाही.

तीन, पुरावा याच वस्तूचा आहे, की शेजारच्या? जाकार माग आठवा.

चार, उपमेत कुणाला जागा मिळाली नाही? हा प्रश्न मानव्यविद्येचा आहे म्हणून विज्ञानवाल्यांनी सोडून देऊ नये. मेंदूला कॉम्प्युटर म्हटलं की शरीर सुटतं, पेशीला कारखाना म्हटलं की काहीतरी वेगळं सुटतं. जे सुटतं तिथे बऱ्याचदा पुढचा संशोधन प्रश्न बसलेला असतो. टायमिनांना क्रोशाच का लागला हे बघा ना. दोन सुयांवर विणताना ओळीतले सगळे टाके सुईवर उघडे राहतात, ते शेकड्यांनी वाढले की सांभाळता येत नाहीत. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो. हे उत्तर कोडच्या उपमेत कुठेच नव्हतं, ते हातात सुई धरल्यावर मिळालं.

जमलं तर या आठवड्यात वरच्या चार फेऱ्या खरंच विणून बघा. साधी सुई आणि उरलेली लोकर पुरते. घरात कुणाला येत असेल तर त्यांच्याकडून शिका, आणि शिकताना वही जवळ ठेवा. नमुन्यात न लिहिलेल्या पण त्यांनी तुम्हाला सांगितलेल्या गोष्टी लिहून काढा. 'दोरा असा बोटावरून घे', 'इथे जरा सैल सोड', 'हा टाका धरू नको, पुढचा धर'. पानभर यादी होईल. मग आपल्या प्रपोजलमधली उपमा समोर घ्या आणि तिची अशीच यादी करायला बसा.